नर्स टिकत नाहीत हे खरं, कारणं मात्र खोटी

आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर गेल्या आठवड्यात एकच मेसेज तीन घरांतून आला. मजकूर साधारण असा: "पूर्वीच्या सिस्टर तीस-तीस वर्षं एकाच दवाखान्यात राबायच्या. आजच्या मुली सहा महिन्यांत राजीनामा देतात. पगार भरपूर, वॉर्डात एसी, तरी म्हणे बर्नआऊट! मोबाइलवाल्या पिढीचं फॅड. सेवाभाव संपला. रोज अर्धा तास ध्यान करा, सगळं ठीक होईल." खाली जोडलेले हात आणि 'पुढे पाठवा'. दांडिया बाजारातल्या आमच्या दादाने वर मलाच विचारलं, "तू टिकलीस ना गं?"

टिकले. बडोद्यात एकवीस वर्षं वॉर्डात काढली. म्हणून उत्तरही मीच देते.

फॅडचा मुद्दा आधी घेते, लवकर संपेल. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर यांनी बर्नआऊट म्हणतात त्या थकव्यावर १९७४ मध्ये लिहिलं. क्रिस्टिना मास्लाक आणि सुझन जॅक्सन यांची तो मोजायची प्रश्नावली १९८१ ची. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगांच्या अकराव्या वर्गीकरणात त्याची नोंद आहे. तिथे त्याला आजार म्हटलेलं नाही, कामाच्या ठिकाणच्या दीर्घ ताणातून येणारी अवस्था म्हटलंय. खुणा तीन: अंगातलं त्राण जाणं, कामावरून मन उडणं किंवा कडवट होणं, आणि आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटत राहणं. दादा, १९७४ साली तुझ्याकडे मोबाइल सोड, साधा फोनही नव्हता.

पगार भरपूर? कुणाचा? सर्वोच्च न्यायालयाच्या जानेवारी २०१६ च्या आदेशानंतर केंद्राने नेमलेल्या समितीने सांगितलं की पन्नासहून कमी खाटांच्या खासगी रुग्णालयातही नर्सला महिन्याला निदान २०,००० रुपये मिळावेत, आणि दोनशेहून जास्त खाटा असतील तिथे राज्य सरकारच्या नर्सइतके. अंमलबजावणी राज्यांवर राहिली. केरळात नर्सेसनी संप केले, तेव्हा कुठे २०१८ मध्ये किमान वेतनाची अधिसूचना निघाली. माझ्या भाचीला जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, झाल्यावर इथल्या एका खासगी दवाखान्यात पहिला पगार मिळाला तेरा हजार, आणि तिचे मूळ दाखले मॅनेजरच्या कपाटात. आपल्या गुजरातेत सरकारी स्टाफ नर्सला पहिली पाच वर्षं 'फिक्स पगार', म्हणजे ४०,८०० रुपये. तेरा आणि चाळीस. सरकारी भरतीची जाहिरात निघाली की खासगी दवाखान्यांच्या ड्यूटीरूममध्ये चार्टच्या खाली गाइडं दिसू लागतात ती उगीच नाही.

तीस वर्षं टिकलेल्या सिस्टरांचं कोडंही त्यातच सुटतं. त्या पक्क्या सरकारी नोकरीत होत्या, पुढे पेन्शन होती. २००५ च्या एप्रिलनंतर इथे लागलेल्यांना ती जुनी पेन्शनही नाही. त्या बायकांच्या कष्टांना मी हात जोडते, पण त्यांना धरून ठेवणारं सेवाभावाशिवायही बरंच काही होतं.

आता सेवाभाव. इथे मला जरा वेळ लागेल.

तीस खाटांचा मेडिसिनचा वॉर्ड, रात्री आम्ही दोघी. एकजण नव्या ॲडमिशनमागे, डॉक्टरांच्या फोनमागे. दहाची अँटिबायोटिक्स अठरा जणांना. औषध ताडायचं, पातळ करायचं, कॅन्युला, म्हणजे शिरेतली नळी, चालू आहे का बघायचं, हळू सोडायचं, सही करायची. घाईघाईने धरलं तरी माणशी सात मिनिटं. दहाचा डोस शेवटच्या खाटेपर्यंत पोचेतो शब्दशः बारा वाजतात. मध्ये कोपऱ्यातून हाक येतेच, "सिस्टर, बाटलो पूरो थई गयो!" म्हणजे सलाइनची बाटली संपली.

त्याच वॉर्डात सात जण अंथरुणाला खिळलेले. अशा माणसाची दर दोन तासांनी कूस बदलायची असते, नाहीतर बेडसोर होतो. हे काम दोघींचं, आणि मावशी दुसऱ्या वॉर्डात. मग काय होतं? चार्टवर बारा, दोन, चार, सहा अशा सह्या पडतात. मीही दोनची आणि चारची सही एकदम केलेली आहे.

एका सकाळी आमच्याकडे तिसऱ्या महिन्यात असलेली मुलगी एका आजोबांचं अंग पुसत होती. माकडहाडावर कातडी सोललेली दिसली. तिने चार्ट उघडला. रात्रीच्या चारही सह्या तिच्याच. ती काही बोलली नाही, ड्रेसिंग नीट केलं. पुढच्या आठवड्यात राजीनामा. ऑफिसने कारण लिहिलं, 'वैयक्तिक'. सेवाभाव नसता तर त्या जखमेचं तिला काय वाटलं असतं?

थकव्याला आम्ही घाबरत नाही. उत्तरायणाला, म्हणजे संक्रांतीला, पतंगाच्या मांज्याने गळे कापलेले लोक येतात तेव्हा कॅज्युअल्टीतल्या मुली जेवण विसरून उभ्या असतात आणि घरी जाताना हसत असतात. जे केलं नाही त्याच्यावर सही करणं, ते रोज रात्री करणं, हे माणसाला आतून पोखरतं.

हे माझ्या एकटीच्या वॉर्डापुरतं आहे असं वाटत असेल तर अमेरिकेतल्या नर्सिंग संशोधक लिंडा एकेन यांचा २००२ चा अभ्यास पाहा. पेनसिल्व्हेनियातली १६८ रुग्णालयं, दहा हजारांवर नर्सेस. एका नर्समागे एक रुग्ण वाढला की तिच्या बर्नआऊटची शक्यता २३ टक्क्यांनी, नोकरीवरच्या नाराजीची १५ टक्क्यांनी, आणि शस्त्रक्रिया झालेला रुग्ण ३० दिवसांत दगावण्याची ७ टक्क्यांनी जास्त आढळली. शेवटचा आकडा मेसेज पाठवणाऱ्यांनी दोनदा वाचावा, कारण त्या खाटेवर ते असू शकतात. कॅलिफोर्नियाने कायदाच केला: साध्या वॉर्डात एका नर्सकडे २००५ पासून जास्तीत जास्त पाच रुग्ण, रात्रीसुद्धा. आपल्याकडेही सरकारी कामाला किती माणसं हवीत ते ठरवणाऱ्या केंद्राच्या स्टाफ इन्स्पेक्शन युनिटचा निकष आहे, साध्या वॉर्डात सहा खाटांमागे एक नर्स आणि रजेवर जाणाऱ्यांसाठी वेगळी पदं. तो १९९१-९२ पासून कागदावर आहे.

ध्यान मी करते, सकाळी वीस मिनिटं. तीस खाटा तीसच राहतात.

मेसेजमधली एक गोष्ट मात्र मान्य: नर्स सारख्या बदलल्या की रुग्णाचे हाल होतात. नव्या मुलीला इमर्जन्सी ट्रॉलीतला कुठला खण अडकतो हे ठाऊक नसतं. एक गेली की तिची नाईट उरलेल्यांच्या माथी, मग त्यातलीही एक जाते.

आणि दादा, मी टिकले ते कशी, तेही ऐक. बघायचंच सोडून दिलं. एकदा रात्री एक बाई नवऱ्याची सलाइन संपली म्हणून चौथ्यांदा आली, तेव्हा मी तिच्यावर इतक्या जोरात ओरडले की ती हात जोडत मागे सरकली. सलाइन खरंच संपली होती, नळीत रक्त चढलं होतं. वर सांगितलेल्या तीन खुणांतली दुसरी ती हीच. त्या वर्षी मला उत्तम सेवेचं प्रमाणपत्र मिळालं.

भाचीने तो तेरा हजारांचा दवाखाना सातव्या महिन्यात सोडला. घरात तेव्हा सगळे तिला 'चंचल' म्हणाले. दाखले परत मिळवायला दीड महिना लागला. आता ती शहरातच एका डायलिसिस सेंटरवर आहे. एका वेळी तीन मशीन तिच्याकडे, तीनच माणसं. पाचवं वर्ष चालू आहे.