४५चा नियम सांगायलाच हवा होता

सुडोकूच्या प्रकारांवरचा लेख आवडला, पण किलर सुडोकूत (ज्यात घरांचे गट पाडून प्रत्येक गटाची फक्त बेरीज देतात आणि गटात आकडा पुन्हा येत नाही) सुरुवातीला एकही आकडा दिलेला नसतो म्हणून तो ‘अंदाजाचा खेळ’ आहे, हे तुमचं वाक्य मला अजिबात पटलं नाही.

१ ते ९ची बेरीज ४५. म्हणजे प्रत्येक आडवी ओळ, उभी ओळ आणि ३×३चा चौकोन ४५चाच. एखाद्या चौकोनात पूर्ण बसणाऱ्या गटांची बेरीज ३८ झाली आणि एकच घर उरलं, तर तिथे ७. यात अंदाज कुठे आला? चौकोन पूर्ण भरून एखाद्या गटाचं एक घर बाहेर जात असेल आणि एकूण बेरीज ४९ असेल, तर बाहेरच्या घरात ४. दोन घरांत १७ म्हणजे ८-९च, तीन घरांत २४ म्हणजे ७-८-९च. एवढं पाठ झालं की पहिली वाट सापडतेच.

थर्मामीटरचा प्रकार (फुग्यापासून टोकाकडे आकडे वाढत जातात तो) छान समजावलात. पण बुद्धिबळातल्या घोड्याच्या चालीचा प्रकार दोन ओळींत उरकलात, याचं वाईट वाटलं. माझा सगळ्यात लाडका तोच! घोड्याच्या अडीच घरांवर तोच आकडा चालत नाही, त्यामुळे मधोमध ५ ठेवला की नेहमीच्या नियमांत मोकळी राहणारी आणखी ८ घरं ५साठी बंद होतात. साध्या सुडोकूला एकच उत्तर हवं तर किमान १७ आकडे लागतात, हे २०१२मध्ये संगणकाने सिद्ध झालं. असे जादा नियम एकत्र केले तर मात्र अवघे दोन आकडे पुरलेलं कोडंही २०२०मध्ये गाजलं होतं. पुढच्या भागात त्यावर सविस्तर लिहा ना, पायरी-पायरीने.