डिस्चार्ज सकाळी, सुटका रात्री

सकाळी नऊला डॉक्टर म्हणाले, "आज घरी." आईने लगेच साडी नेसली, वॉकर जवळ ओढला. रात्रीचे साडेआठ वाजले तरी आम्ही तिथेच! गुडघा बदलून चौथा दिवस. पाय उशीवर हवा, बर्फाचा शेक हवा. पण खोली दुपारीच काढून घेतली आणि तिला बिलिंगसमोर व्हीलचेअरवर बसवलं. पाय खाली सोडलेला, घोटा सुजून कातडी ताणून चकचकीत झालेली. आई मुकाट्याने पदर मुठीत आवळून बसलेली.

काउंटरवर एकच पालुपद, "अप्रूव्हल आलं नाही." अहो, डिस्चार्जची विनंती गेली की विमा कंपनीने तीन तासांत अंतिम मंजुरी द्यायची, हा विमा नियामक आयआरडीएआयचा २०२४ चा नियम. पण तुम्ही फाइलच चारला पाठवली तर? फिजिओची सही राहिली, फार्मसीचा हिशेब राहिला, मग जेवणाची सुट्टी! आदल्या रात्री होत नाही हे? डिपॉझिटसाठी बरे दहा मिनिटांत तीन फोन येतात!

ऑपरेशन उत्तम झालं, सर्जनचे मनापासून आभार. पण टाके घातले की पायाची काळजी संपली का?

आणि मग घोडबंदर रोड. प्रत्येक खड्ड्याला आई दोन्ही हातांनी गुडघा धरत होती.