‘एक तर मैदान, नाही तर मार्कशीट’: एका फॉरवर्डचा हिशेब

कॉलेजचे प्रवेश सुरू झाले की पालकांच्या ग्रुपवर एक मजकूर हटकून फिरतो. थोडक्यात असा: कॉलेज करताना स्पर्धेचा खेळ होत नाही, रोज तीन-चार तास सराव करणाऱ्याला अभ्यासाला वेळ उरत नाही, हजेरीत तो अडकतोच, मोठे खेळाडू कुठे शिकले? खेळायचंच असेल तर सरळ ड्रॉप घ्या किंवा मुक्त विद्यापीठात नाव घाला; ग्रेस मार्क आणि खेळाडू कोटा आहेच. दोन डगरींवर पाय ठेवणारा पडतो, हे वर.

पडतात, हे खरं. पण तास कमी पडले म्हणून पडणारे थोडे. बहुतेकांना पाडतात त्या तारखा आणि कागद, आणि त्यांच्याबद्दल या मजकुरात अवाक्षर नाही.

‘वेळच उरत नाही.’ आठवड्याचे तास १६८. रोज आठ तास झोप धरली तर ५६ गेले, राहिले ११२. बीए, बीकॉम किंवा साध्या बीएस्सीला तासिका आणि प्रात्यक्षिकं मिळून २४ तास धरू. सराव सकाळी दोन तास आणि संध्याकाळी दीड, सहा दिवस: २१. जाणं-येणं रोज दोन तास, सहा दिवसांचे १२. जेवण, आंघोळ, कपडे यांना रोज तीन: २१. एकूण ७८. हातात ३४ राहतात आणि त्यातले १४ अभ्यासाला मिळाले तरी परीक्षा नीट देता येते.

गोची असते ती हे १४ कुठे ठेवायचे याची. बहुतेक जण ते रात्री जेवणानंतर ठेवतात. संध्याकाळचा सराव करून आलेला मुलगा साडेनऊला पुस्तक उघडतो आणि तिसऱ्या पानावर मान टाकतो. समजून घेण्याचा विषय सकाळचा सराव आणि पहिली तासिका यांच्या मधल्या वेळात किंवा ऑफ लेक्चरला लायब्ररीत घ्यावा. रात्रीसाठी जर्नल उतरवणं, आकृत्या, असाइनमेंट असं हाताचं काम ठेवावं. झोप कापून अभ्यास वाढवायला जाऊ नये: वाचलेलं पक्कं बसतं ते झोपेत, आणि अपुऱ्या झोपेवर सराव केला की दुखापतीचा धोका वाढतो.

इंजिनिअरिंग आणि फार्मसीत मात्र लॅब संध्याकाळी पाचपर्यंत चालते. तिथे दिवसातून दोनदा सराव जमत नाही. सकाळचं एकच सत्र धरून वेळापत्रक आखावं लागतं. एमबीबीएसबद्दल फॉरवर्ड बरंचसं बरोबर आहे.

‘हजेरीत अडकतोच.’ हा मुद्दा मात्र नीट पाहण्यासारखा आहे. पंधरा आठवड्यांचं सत्र आणि एका विषयाच्या आठवड्याला चार तासिका, म्हणजे ६०. ७५ टक्क्यांना ४५ लागतात, १५ बुडवता येतात. आता विद्यापीठ संघात निवड होणाऱ्याचे दिवस मोजू: आंतरमहाविद्यालयीन ३, आंतरविभागीय २, शिबिर ८, पश्चिम विभाग आंतरविद्यापीठ स्पर्धा ५, आणि स्पर्धा राजस्थानात किंवा मध्य प्रदेशात असली तर रेल्वेत ४. झाले २२ दिवस, म्हणजे कॉलेजचा आठवडा सहा दिवसांचा धरून जवळजवळ पावणेचार आठवडे. एका विषयाच्या जवळजवळ १५ तासिका. सूट इथेच संपली. पुढे साधा ताप आला तरी नाव डिफॉल्टर यादीत.

विद्यापीठाकडून खेळलेले दिवस सहसा हजेरीत धरले जातात, पण कुणी आपणहून धरत नाही. ठरलेली चूक ही: पत्रावर फक्त स्पर्धेचे पाच दिवस असतात. शिबिराचे आठ आणि प्रवासाचे चार, असे बारा दिवस गैरहजेरीत जातात. म्हणून पत्र मागतानाच ‘शिबिराच्या पहिल्या दिवसापासून परतीच्या तारखेपर्यंत’ असं मागावं. निघण्यापूर्वी प्राचार्यांच्या नावे अर्ज, त्यावर कॉलेजच्या शारीरिक शिक्षण संचालकांची सही, सोबत निवडपत्र. दोन प्रती कराव्यात आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक व शिक्का घ्यावा. परतल्यावर आठवड्याच्या आत सहभाग प्रमाणपत्राची झेरॉक्स आणि तिकिटं जोडून प्रत्येक विभागात एकेक संच द्यावा. जिमखान्यात दिलेला कागद वर्गाच्या मस्टरपर्यंत स्वतःच्या पायाने जात नाही. सत्र संपता संपता हे उलगडतं तेव्हा यादी लागलेली असते.

शिवाय हजेरी मिळाली म्हणजे काम झालं असंही नाही. केमिस्ट्रीचं जर्नल उघडावं: सहावा प्रयोग लिहिलेला, दहावा लिहिलेला, मधली तीन-चार पानं कोरी, निरीक्षणाच्या तक्त्यात मित्राचे आकडे पेन्सिलीने टिपलेले आणि पहिल्या पानावरच्या प्रमाणपत्राखाली सहीची जागा रिकामी. त्या सहीशिवाय प्रात्यक्षिक परीक्षेला बसता येत नाही. उपाय सोपा आहे. एकच प्रयोग आठवडाभरात वेगवेगळ्या बॅचला होतो. शिबिराला निघण्याच्या आठवड्यात आणि परतल्यावर दुसऱ्या बॅचबरोबर बसू देण्याची विनंती आधीच केली तर शिक्षक बहुधा नाही म्हणत नाहीत.

अंतर्गत चाचणीचंही तेच. अनेक ठिकाणी अंतर्गत आणि सत्रान्त परीक्षेत वेगवेगळं पास व्हावं लागतं, त्यामुळे बुडालेली चाचणी लेखी पेपर भरून काढत नाही. फेरचाचणीचा अर्ज जाण्यापूर्वी द्यावा. नंतर दिला की ती सबब वाटते.

सत्र परीक्षेशी टक्कर होते ती वेगळी. खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धा २०२२ मध्ये एप्रिल-मे महिन्यांत कर्नाटकात झाल्या, २०२३ मध्ये मे-जूनमध्ये उत्तर प्रदेशात. महाराष्ट्रात हाच परीक्षांचा हंगाम. काही विद्यापीठांत अशा खेळाडूंसाठी नंतर पेपर घेण्याची सोय असते. अर्ज मात्र वेळापत्रक लागलं की लगेच करावा लागतो, पेपर बुडाल्यावर नाही. आणि ‘रेल्वेत वाचू’ हा बेत धरू नये. जाताना पत्ते निघतात, येताना सगळे झोपलेले असतात. स्पर्धेच्या दिवसांत अभ्यास शून्य मांडावा आणि परतल्यानंतरचे दहा दिवस त्यासाठी मोकळे ठेवावेत. नोट्ससाठी प्रत्येक विषयात संघाबाहेरचा एक मित्र लागतो. संघातला असेल तर त्याचीही पानं कोरीच.

‘मोठे खेळाडू कुठे शिकले?’ अनिल कुंबळे मेकॅनिकल इंजिनिअर आहे, अश्विन आयटीतला बीटेक. खाशाबा जाधव कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात शिकले आणि १९५२च्या हेलसिंकी ऑलिम्पिकसाठी पैसे कमी पडले तेव्हा प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. तसं पाहिलं तर न शिकलेल्या विजेत्यांचीही यादी निघेल. चारदोन नावांवरून कुठलीच बाजू सिद्ध होत नाही.

‘ड्रॉप घ्या किंवा मुक्त विद्यापीठात जा.’ हा सल्ला सर्वांत महागात पडतो. आंतरविद्यापीठ स्पर्धा भारतीय विद्यापीठ संघाच्या (एआययू, देशातल्या विद्यापीठांची संघटना) नियमांनी होतात आणि तिथे पूर्णवेळ, नियमित विद्यार्थी लागतो. ड्रॉप घेतलेला कुठल्याच विद्यापीठाचा नसतो. वयाची अटही त्याच्यासाठी थांबत नाही. म्हणजे खेळासाठी म्हणून घेतलेलं वर्ष त्या खेळातली महत्त्वाची स्पर्धाच घालवतं. राष्ट्रीय शिबिरात वर्षभर राहणाऱ्याला दूरस्थ शिक्षण सोयीचं पडेल, पण असे किती?

‘ग्रेस आहेच.’ नियम विद्यापीठागणिक वेगळे आहेत, पण गुण साधारण दहाच्या घरातले आणि तेही मागितल्यावर, ठरलेल्या मुदतीत. एका पेपरात सहा आणि दुसऱ्यात सात कमी पडले तर बेरीज तेरा. दहांनी एक पेपर सुटतो, दुसऱ्यात एटीकेटी.

‘कोटा आहेच.’ महाराष्ट्राच्या शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के समांतर (म्हणजे प्रत्येक प्रवर्गाच्या आतच मोजलं जाणारं) आरक्षण आहे. त्यात वयाची सवलत आहे, शैक्षणिक पात्रतेची नाही. पदाला पदवी लागत असेल तर ती खेळाडूलाही लागते, परीक्षाही द्यावी लागते. नुसता सहभाग पुरत नाही. कोणत्या पदाला कोणत्या दर्जाची स्पर्धा आणि कोणतं स्थान चालतं ते शासन निर्णयात वाचावं. प्रमाणपत्राची पडताळणी क्रीडा व युवक सेवा विभागाचे विभागीय उपसंचालक करतात आणि ती आधी झालेली बरी. तिथे अडतं ते किरकोळ गोष्टींवर: दहावीच्या प्रमाणपत्रात वडिलांचं नाव पूर्ण आणि इथे नुसतं आद्याक्षर, स्पर्धेची तारीख चुकलेली, स्थानाची जागा कोरी. प्रमाणपत्र हातात पडलं की मैदान सोडण्यापूर्वी वाचावं. तिथल्या टेबलावर ते पाच मिनिटांत दुरुस्त होतं. दोन वर्षांनी त्याच आयोजकांना शोधत फिरावं लागतं.