‘एक दाब’ देऊन पुंगळी होत नाही: मार्टिनी-हेन्रीच्या लेखावरील प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

मार्टिनी-हेन्री या जुन्या ब्रिटिश रायफलीवरच्या माझ्या लेखाला तुमचे आक्षेप तीन, आणि शेवटी एक प्रश्न: हिच्यात थोडीशी धूरहीन दारू चालेल का? ५७७/४५० ची पुंगळी (या रायफलीच्या काडतुसाचं पितळी कवच) म्हणजे शॉटगनच्या २४ बोअरच्या पितळी पुंगळीला डायमध्ये ‘एक दाब’, त्यावर एवढं पाल्हाळ कशाला? तेही नको असेल तर नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतला कुठलाही टर्नर (लेथ कारागीर) पितळी सळईतून तासाभरात काढून देईल. आणि लेखात गोळीचा व्यास ०.४५० इंच दिलाय, तो चूक.

तिसरा आक्षेप मान्य, लेख दुरुस्त केला आहे. नळीच्या आत पिळाच्या खाचा आणि त्यांच्यामध्ये उंचवटे असतात; ०.४५० हे उंचवट्यांवरचं माप. खाचांच्या तळाशी ते साधारण ०.४६५ भरतं आणि शिशाच्या गोळीला तेच लागतं. ०.४५० ची गोळी खाचांत धरत नाही, कडेने गॅस निसटतो आणि नळीत शिसं माखतं. पण ०.४६५ सुद्धा डोळे झाकून घेऊ नका. मऊ शिशाचा गोळा नळीतून ठोकून काढून मोजा, आणि मोजताना एक ध्यानात ठेवा: या रायफलीच्या नळीत खाचा सात, म्हणजे विषम. खाचेच्या समोर उंचवटा येतो, त्यामुळे साधा व्हर्नियर माप कमीच दाखवतो. सात दातांच्या कटरसाठीचा व्ही-ॲन्व्हिल मायक्रोमीटर हवा, नाहीतर तो गोळा जेमतेम सरकेल अशी रिंग बोअर करून रिंग मोजायची.

आता ‘एक दाब’. २४ बोअरची पुंगळी अडीच इंची, सरळ नळीसारखी. तिला खांदा (उतार) आणि मान (पुढचा अरुंद भाग) द्यायची, लांबी २.३४ इंचांच्या आसपास आणायची. एकाच दाबात खांदा चुरगळतो, मानेला सुरकुत्या पडतात. वंगण जास्त झालं तर ते अडकून खांद्यावर खळगे उठतात. दोन-तीन टप्प्यांत दाबायचं, मध्ये पुढचा भाग नरम करायचा आणि लांबी सगळ्यात शेवटी छाटायची, कारण दाबताना ती बदलते.

नरम करणं म्हणजे काय ते भांडी बाजारातल्या जुन्या तांबटाला सांगावं लागत नाही: ठोकून ताठरलेला पत्रा तापवल्याशिवाय पुढे वळत नाही. पोलादाला पाणी दिलं की ते कडक होतं. पितळ तापवून पाण्यात टाका की हवेत ठेवा, नरमच राहतं. इथे पाण्याचं काम वेगळं आहे. पुंगळी बुडाच्या बाजूने पाण्यात उभी करायची, म्हणजे आच बुडापर्यंत जात नाही. बूड नरम पडलं तर दाबाखाली फाकतं आणि गॅस मागे, नेम धरणाऱ्याच्या तोंडाकडे येतो. मान लालभडक होईपर्यंत तापवणंही जास्तच.

खरी गोम कडेत, म्हणजे बुडाच्या बाहेर आलेल्या काठात आहे. या रायफलीत पुंगळी खांद्यावर नाही, मागच्या कडेवर टेकते. २४ बोअरची कड मूळ कडेपेक्षा पातळ असली, तर पुंगळी ब्रीचपासून (नळी मागून बंद करणाऱ्या ठोकळ्यापासून) सुटी राहते. मग पिन प्रायमरवर (बुडातल्या ठिणगी देणाऱ्या टोपीवर) अर्धवट बसते, नाहीतर उडताना भिंत पुढे चिकटते, बूड मागे सरकतं आणि बुडाच्या जरा वर पितळ ताणून पातळ होतं. बाहेरून तिथे चकचकीत वलय दिसतं. आतून वाकड्या टोकाची तार फिरवली आणि खाच लागली, तर ती पुंगळी भंगारात. कडेमागची फट मोजल्याशिवाय ‘बसली, चालेल’ म्हणणं मला पटत नाही. नेपाळात बनलेली याच धर्तीची गहेंद्र रायफल किंवा खैबर खिंडीकडची स्थानिक नक्कल असेल तर चेंबर (नळीतली काडतूस बसण्याची जागा) छापील मापाचं असेलच असं नाही. त्याचा साचा घ्यावा. सेरोसेफने (कमी आचेवर वितळणाऱ्या मिश्रधातूने) घेतला तर ओतल्यानंतर तासाभराने मोजा: आधी तो आकसतो, मग फुगतो, आणि तासाच्या सुमारास चेंबरचं खरं माप देतो.

आता टर्नरची सळई. बाजारात सहज मिळते ती सळई फ्री-कटिंग पितळाची, सुमारे तीन टक्के शिसं असलेली. लेथवर छान कापली जाते, पण पुंगळीच्या ७०:३० पितळासारखी ताणली जात नाही, आणि माना लवकर फाटतात. त्याहून मोठी अडचण कायद्याची. १९५९ च्या शस्त्र अधिनियमात दारूगोळ्याच्या व्याख्येत त्याचे भागही येतात, आणि परवान्याशिवाय ते बनवण्यावर कलम ५ ची बंदी आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान शिक्षा सात वर्षं. बिचाऱ्या टर्नरला त्यात ओढू नका. वरचं सगळं परवाना असलेल्यांसाठी, आणि हाती आलेली जुनी पुंगळी पारखणाऱ्या संग्राहकांसाठी आहे.

धूरहीन दारूचा तुमचा शेवटचा प्रश्न: नाही, ‘थोडीशी’ सुद्धा नाही. १८७१ चं हे हत्यार काळ्या दारूसाठी आहे. मूळ भरणी ८५ ग्रेन (वजनाचं जुनं माप), वर ४८० ग्रेनची गोळी. आखूड नळीच्या कार्बाइनसाठी ७० आणि ४१०. आणि काळी दारू कधी पोकळी ठेवून भरत नाहीत. गोळी व दारूमध्ये मोकळी जागा राहिली तर नळीला वलयासारखा फुगवटा येतो. मूळ काडतुसात मेणाची चकती, पुठ्ठ्याच्या चकत्या आणि कापूस होता तो काही उगाच नाही.

एक राहिलं, नाशिकच्या पावसाळ्यासाठी. दाबून घडवलेल्या पितळात ताण उरतो, आणि अमोनिया व दमट हवा भेटली की ते आपोआप तडकतं. ब्रिटिश फौजेची काडतुसं पावसाळ्यात घोड्यांच्या तबेल्यात ठेवल्यावर अशीच तडकत, आणि १९२१ मध्ये कारण सापडलं ते घोड्यांच्या मुताचं. तेव्हा संग्रहातल्या पुंगळ्या गोठ्याजवळ ठेवू नका, आणि अमोनियावाल्या पॉलिशने चमकवू नका.