रोजनामा मोजा

मी 31 वर्षं न्यायालयात लिपिक होते. तालुक्याला, मग जिल्ह्याला, मग पुन्हा तालुक्याला. त्यातली निम्म्याहून जास्त वर्षं रोजनाम्यासोबत गेली. ज्यांना कोर्टाची पायरी चढावी लागली नाही त्यांच्यासाठी सांगते, रोजनामा म्हणजे एखाद्या दाव्याची तारखेगणिक नोंद. वादी हजर की गैरहजर, प्रतिवादीने काय अर्ज दिला, साहेबांनी, म्हणजे न्यायाधीशांनी, काय हुकूम केला, पुढची तारीख कोणती आणि कशासाठी. दोन-तीन ओळींचं काम. पण एखाद्या जुन्या दाव्याचा रोजनामा सलग वाचला की एका घराची वीस वर्षं डोळ्यांसमोरून जातात.

आज हे लिहायला बसले ते एका आकड्यामुळे. ऑक्टोबर 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर देशभरातल्या प्रलंबित दरखास्तींचा, म्हणजे जिंकलेल्या दाव्याच्या निकालाची अंमलबजावणी करून मागणाऱ्या अर्जांचा, हिशेब आला. 8 लाख 82 हजारांच्या वर. त्यात सर्वांत जास्त आपल्या मुंबई उच्च न्यायालयाच्या हद्दीत, 3 लाख 40 हजारांहून अधिक. न्यायालयाने स्वतःच ही स्थिती अत्यंत निराशाजनक म्हटली. पेपरात बातमी आली आणि दोन दिवसांत मागेही पडली. मला मात्र रात्री झोप लागली नाही, कारण यातल्या एकेका दरखास्तीमागे दावा जिंकलेला माणूस उभा आहे. जिंकलेला. ज्याच्या हातात हुकूमनामा, म्हणजे कोर्टाचा अंतिम हुकूम, आहे, शिक्क्यासह. आणि ज्याच्या हातात अजून जमीन नाही, घर नाही, पैसे नाहीत.

इंग्रजांच्या काळातलं सर्वांत वरचं न्यायालय असलेल्या लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने 1872 मध्ये म्हणून ठेवलं होतं की हिंदुस्थानात पक्षकाराच्या अडचणी हुकूमनामा मिळाल्यावर सुरू होतात. दीडशे वर्षं उलटली. एप्रिल 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की दरखास्त दाखल झाल्यापासून सहा महिन्यांत निकाली काढा. मार्च 2025 मध्ये पुन्हा सांगावं लागलं, आणि या वेळी एक वेगळी गोष्ट केली: सगळ्या उच्च न्यायालयांकडून आकडे मागवले. ते मागवले म्हणून 8 लाख 82 हजार हा आकडा आपल्याला कळला. सहा महिन्यांत 3 लाख 38 हजारांवर दरखास्ती निकालीही निघाल्या. कोणीतरी मोजतंय म्हटल्यावर काम हललं. 2021 च्या आदेशानंतर लगेच कोणी मोजायला बसलं असतं, तर मधली चार वर्षं वाचली असती.

माझं म्हणणं एवढंच आहे. आपल्याकडे न्यायव्यवस्थेत सुधारणा कमी झालेल्या नाहीत. कायदे झाले, आयोग झाले, पैसे आले. तपासायचं राहतं ते हे, की ती सुधारणा बाकावर बसलेल्या माणसापर्यंत पोचली का. आणि तपासलंच तर ते कचेरीच्या सोयीने तपासलं जातं, त्या माणसाच्या बाजूने नाही.

मी नोकरीत असताना दिवाणी दावे कसे चालवायचे ते सांगणाऱ्या दिवाणी प्रक्रिया संहितेची मोठी दुरुस्ती लागू झाली, 1 जुलै 2002 पासून. प्रतिवादीची कैफियत, म्हणजे लेखी उत्तर, 30 दिवसांत, फार तर 90 दिवसांत. सुनावणीत एका पक्षाला तीनपेक्षा जास्त वेळा तारीख वाढवून द्यायची नाही. आम्हाला केवढा हुरूप आला होता! आमच्या टेबलाच्या काचेखाली ते परिपत्रक होतं. दुरुस्तीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं गेलं, ते न्यायालयाने फेटाळलं, आणि अंमलबजावणी नीट व्हावी म्हणून न्यायमूर्ती जगन्नाथ राव यांच्या अध्यक्षतेखाली समितीही नेमली. समितीने दाव्यांचं वेळापत्रक कसं बांधावं याचे नमुना नियम करून दिले. 2005 च्या निकालात मात्र 90 दिवसांची आणि तीन तारखांची मर्यादा सैल झाली, अपवादात्मक कारण असेल तर चालेल अशी. त्या निकालामागचा विचार चुकीचा नव्हता. कोणाच्या घरी मयत झाली, कोणी दवाखान्यात पडलं, तर चौथी तारीख द्यायलाच हवी. पण ‘अपवाद’ किती वेळा वापरला गेला हे मोजायची सोय कुठेच ठेवली नाही. मग माझ्या डोळ्यांदेखत अपवादच रीत झाला. मी रोजनाम्यात लिहीत राहिले: ‘अर्ज खर्चासह मंजूर.’ दर महिन्याला आम्ही जे विवरणपत्र वर पाठवायचो, त्यात दाखल किती, निकाली किती, शिल्लक किती हे असायचं. चौथी, नववी, सतरावी तारीख किती दाव्यांत दिली, याला रकाना नव्हता.

माझ्या कोर्टात एक आजी यायच्या. वडिलांच्या जमिनीत भावांविरुद्ध वाटपाचा दावा, 1998 चा. हिस्सा सगळा मिळून 31 गुंठे. पहिल्या एसटीने यायच्या, पिशवीत भाकरी आणि प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले कागद. दारातून विचारायच्या, “बाई, आज तरी पुकारतील का ओ?” मला बोर्ड, म्हणजे त्या दिवशीच्या प्रकरणांची यादी, माहीत असायचा. साहेब प्रशिक्षणाला गेलेत आणि चार्ज दुसऱ्या साहेबांकडे आहे, हेही माहीत असायचं. तरी मी म्हणायचे, “बसा आजी, बघू.” त्या बसायच्या. चार वाजता पुढची तारीख घेऊन परत जायच्या. 2009 मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला. आमच्या त्या महिन्याच्या विवरणपत्रात ‘जुना दावा निकाली’ म्हणून तो गेला, आणि खरं सांगते, मला त्या दिवशी समाधान वाटलं होतं.

त्यानंतर काय झालं ते शेतजमिनीच्या वाटपाचा दावा लढलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 54 प्रमाणे शेतजमिनीचं प्रत्यक्ष वाटप जिल्हाधिकाऱ्यांमार्फत होतं. कागद जिल्ह्याला जातो, तिथून तहसीलला, तिथून भूमी अभिलेखकडे मोजणीसाठी. मोजणीची फी भरा, नोटिसा बजावा, भाऊ हरकत घेतो, मोजणीदार रजेवर जातो, पीक उभं आहे म्हणून मोजणी पुढे ढकलली जाते. न्यायालय म्हणतं कागद महसूलकडे आहे, महसूल म्हणतं न्यायालयाकडून खुलासा येऊ द्या. या मधल्या रस्त्यावर कोणाचंच विवरणपत्र नाही. आजी 2016 मध्ये गेल्या. वाटप झालेलं नव्हतं.

मी निवृत्त झाल्यावर त्यांच्या नातीने रोजनाम्याच्या नकला काढून माझ्याकडे आणून दिल्या. “मावशी, तुम्हीच वाचून सांगा काय झालं ते.” बऱ्याच ओळी माझ्याच अक्षरात होत्या. मी पेन्सिल घेऊन मोजलं. दावा दाखल झाल्यापासून निकालापर्यंत 143 तारखा. त्यातल्या 34 तारखांना दावा पुढे सरकला. उरलेल्या 109 दिवशी आजी भाकरी बांधून आल्या आणि तशाच परत गेल्या. त्या 109 मधल्या 40 दिवशी साहेबांची जागा रिकामी होती किंवा ते दुसऱ्या कोर्टाचा चार्ज सांभाळत होते. बाकीच्यात वकिलांचे अर्ज, समन्स बजावून न आलेलं, वेळ न उरलेला. हे मी 11 वर्षं लिहीत होते आणि एकदाही मोजलं नव्हतं. आम्हाला कोणी मोजायला सांगितलं नाही, हे खरं. पण मला स्वतःलाही सुचलं नाही, आणि ते मला फार लागलं.

यात न्यायाधीशांना झोडपायचं नाही. मी त्यांना रात्री आठ वाजता दिव्याखाली निकालपत्र लिहिताना पाहिलंय. दर दहा लाख लोकांमागे 50 न्यायाधीश हवेत असं विधी आयोगाने 1987 मध्ये सांगितलं. सर्वोच्च न्यायालयाने 2002 मध्ये म्हटलं, पाच वर्षांत ही संख्या गाठा. आज मंजूर पदं धरूनसुद्धा तो आकडा 21 च्या आसपास आहे, आणि मंजूर पदांतलीही हजारो रिकामी. न्यायाधीशांच्या भरतीचं महिनावार वेळापत्रक 2007 मध्ये ठरवून दिलं गेलं, तरी ही अवस्था. तेराव्या वित्त आयोगाने 2010 ते 2015 साठी न्यायव्यवस्थेला 5,000 कोटी दिले होते, त्यात सकाळ-संध्याकाळच्या न्यायालयांसाठी मोठी रक्कम होती. बराचसा पैसा वापरलाच गेला नाही. त्यामुळे निगराणी म्हटली की न्यायाधीशांची युनिटं, म्हणजे निकाली प्रकरणांचे गुण, मोजायची, हे मला मान्य नाही. नुसती निकाली प्रकरणं मोजली की सोपी प्रकरणं आधी उचलली जातात आणि वाटपाचा जाडजूड दावा पुन्हा कपाटात जातो. हे मी पाहिलेलं आहे.

ई-कोर्टाचं, म्हणजे न्यायालयांच्या संगणकीकरणाचं, मात्र मी मनापासून कौतुक करते. पूर्वी नुसती तारीख कळायला माणसं 40 किलोमीटर यायची, आता मोबाइलवर कळते. राष्ट्रीय न्यायिक डेटा ग्रिडवर कोणत्याही जिल्ह्यात किती प्रकरणं किती वर्षं जुनी आहेत ते घरबसल्या दिसतं. 2023 मध्ये ई-कोर्टाच्या तिसऱ्या टप्प्याला 7,210 कोटी मंजूर झाले. म्हणजे रोजनामा आता संगणकात आहे, प्रत्येक तारखेचं कारण संगणकात आहे. मी पेन्सिलने जे मोजलं ते यंत्र एका क्षणात मोजेल. मग जिल्हावार, दर तिमाहीला, एवढंच प्रसिद्ध करा: किती तारखा पडल्या, किती तारखांना काम झालं, आणि झालं नाही तर कोणामुळे. न्यायाधीश नव्हते, वकील नव्हते, पोलिसांनी साक्षीदार आणला नाही, की महसूलकडून कागद आला नाही.

कारण, जबाबदार माणूस आणि मुदत, या तीन गोष्टी एकत्र आल्या तर काम होतं. कच्च्या कैद्यांचं बघा. देशातल्या तुरुंगांत चारांपैकी तीन माणसं अजून दोषी ठरलेली नाहीत. जास्तीत जास्त शिक्षेच्या निम्मा काळ कोठडीत गेला तर सोडायचं, असं फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम 436-अ 2006 मध्ये आलं. माणसं आतच राहिली, कारण यादी कोणी करायची हे त्या कलमात नव्हतं. शेवटी 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने न्यायाधीशांना दोन महिने, आठवड्यातून एकदा, तुरुंगात जाऊन बसायला सांगितलं. 1 जुलै 2024 पासून त्या संहितेच्या जागी नवी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली, तिच्या कलम 479 मध्ये पहिल्यांदाच गुन्हा केलेल्यांसाठी ही मर्यादा एक तृतीयांशावर आणली, आणि अर्ज करायची जबाबदारी नाव घेऊन तुरुंग अधीक्षकावर टाकली. हा धडा शिकायला 18 वर्षं लागली. दरखास्तीसाठी अजून तसं कोणाचं नाव ठरलेलं नाही.

ऑगस्ट 2025 मध्ये कोल्हापूरला मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच, म्हणजे मुंबईबाहेर बसणारं खंडपीठ, सुरू झालं. सिंधुदुर्गातल्या माणसाचा मुंबईचा हेलपाटा वाचला, 40 वर्षांच्या मागणीला फळ आलं. मला आनंद झाला. पण तिथेही पहिल्या दिवसापासून मोजायला हवं, उद्घाटनाचे फोटो जुने व्हायच्या आत.

माझी एक विनंती आहे. तुमच्या घरात जुना दावा असेल तर रोजनाम्याची नक्कल काढा. अर्ज साधा असतो, फी थोडी असते. पेन्सिल घ्या आणि मोजा. एकूण तारखा किती, काम झालेल्या किती. नावं, गाव, दावा क्रमांक काही नको, फक्त जिल्हा आणि हे दोन आकडे इथे खाली लिहा. मी वहीत उतरवून घेते आहे. पहिल्या पानावर आजींचे लिहिलेत: 143, 34.