सवलत नेमकी कुठे आहे, ते एकदा दाखवा

"तुमची संस्था धर्मादाय आहे ना? मग तुम्हाला कर कसा लागतो?" हा प्रश्न गेल्या महिन्यात मला तिसऱ्यांदा ऐकावा लागला, आणि या वेळी विचारणारे आमचेच देणगीदार होते. मी ज्या छोट्या संस्थेचा हिशेब पाहतो, तिथे वस्तीतल्या 40 मुलांना रोज संध्याकाळी वरण, भात, भाजी आणि पोळी असे जेवण मिळते. कोणाकडूनही एक रुपया घेतला जात नाही. तरीही माझ्या फायलीतल्या बहुतेक बिलांवर सीजीएसटी (जीएसटीतला केंद्राचा वाटा) आणि एसजीएसटी (राज्याचा वाटा) या दोन ओळी ठाण मांडून बसलेल्या आहेत आणि ती रक्कम त्याच देणगीतून जाते.

देणगीदारांचा गोंधळ मला समजतो. 12ए आणि 80जी हे शब्द कानावर पडले की संस्थेला सगळेच माफ आहे असे वाटते. पण ते आयकराचे प्रकरण झाले. संताप येतो तो "जीएसटीतही धर्मादाय कामाला सूट आहे" असे ठासून सांगणाऱ्या जाणकारांचा. सूट आहे, पण ती संस्था जी सेवा पुरवते तिच्यावर, आणि तीही कायद्याने आखून दिलेल्या मोजक्या कामांपुरती. आम्ही मोफत वाढलेले ताट कायद्याच्या लेखी विक्रीच नसल्यामुळे त्यावर कर लागण्याचा प्रश्नच नव्हता. कर लागतो तो खरेदीवर. तेलाचा व्यापारी खरेदीवर भरलेला कर विक्रीवरच्या करातून वळता करून घेतो. आमच्याकडे विक्रीच नाही, त्यामुळे वळते करायलाही काही नाही, आणि साखळीच्या टोकाला उभे राहून तो सगळा कर आम्हीच सोसायचा.

तांदळाचेच पाहा. 18 जुलै 2022 पासून 25 किलोपर्यंतच्या वेष्टनबंद, लेबल लावलेल्या धान्यावर, डाळींवर आणि पिठांवर 5 टक्के जीएसटी आहे. पोते त्याहून मोठे असेल किंवा माल सुटा असेल, तर कर नाही. आमच्याकडे स्वयंपाक करणाऱ्या दोन्ही मावशी साठीच्या पुढच्या आहेत. 30 किलोचे पोते त्यांना उचलत नाही, आणि एवढा तांदूळ त्या कोंदट खोलीत राहिला की त्याला सोंडे लागतात. सुटा घ्यावा, तर दुकानदार चिठ्ठीवर आकडा लिहून देतो आणि आमचे लेखापरीक्षक छापील बिलाशिवाय खर्च मान्य करत नाहीत. म्हणजे कर वाचवायचा तर सोंडे निवडत बसा, नाहीतर लेखापरीक्षकांची बोलणी खा. गॅसची कथा याहून वाईट आहे: घरगुती सिलिंडरवर 5 टक्के कर आहे आणि आम्हाला घ्यावे लागणाऱ्या 19 किलोच्या व्यावसायिक सिलिंडरवर 18 टक्के. इथे कसला व्यवसाय चालतो, हे कोणीतरी येऊन मावशींना समजावून सांगावे.

मोफत अन्नदानावरच्या कराचा प्रश्न सरकारला ठाऊकच नव्हता, असेही म्हणता येत नाही. 2018 मध्ये केंद्राने सेवा भोज योजना आणली आणि तूप, तेल, साखर, गूळ, तांदूळ, पीठ, डाळी अशा ठरावीक जिनसांवरचा केंद्राच्या वाट्याचा कर परत देण्याचे ठरवले. मी मोठ्या आशेने नियम वाचायला घेतले. महिन्याला किमान 5000 लोकांना मोफत जेवण दिले पाहिजे, अशी अट त्यात होती. आमची पाने रोज 40, महिन्याला 1200. रोज आणखी सव्वाशेहून अधिक उपाशी मुले आम्ही गोळा करू शकलो असतो, तर बहुधा पात्रतेच्या जवळ पोहोचलो असतो! शिवाय पात्र ठरलो असतो तरी राज्याच्या वाट्याचा कर या योजनेतून मिळणार नव्हताच.

शाळेत आणि अंगणवाडीत आहार पुरवण्याच्या सेवेवर जीएसटी नाही, आणि अंगणवाडीबाबतचा खुलासा तर 2021 मध्ये स्वतंत्र परिपत्रक काढून करण्यात आला. तेच मूल दुपारी अंगणवाडीत जेवते आणि संध्याकाळी आमच्याकडे येते.

त्या देणगीदारांनी शेवटी वर्षभरात कराचे किती रुपये गेले, ते लेखी मागितले. मी काल रात्री बिले काढून बसलो आणि एकेक ओळ वहीत उतरवली. आमच्या स्वयंपाकघराला दोन महिने पुरणाऱ्या तेलाएवढी ती रक्कम निघाली. आता ती पत्रात लिहायची आहे, आणि "संस्था धर्मादाय असूनही" या शब्दांनंतर काय लिहावे, हे मला सकाळपासून सुचलेले नाही.