बक्षिसासोबत प्रशिक्षणही हवं

वृत्तछायाचित्रकारांसाठी नागपुरात दरवर्षी स्पर्धा आणि प्रदर्शन भरवावं, ही लेखातली सूचना मनापासून पटली. पण नुसती बक्षिसं वाटून भागणार नाही. मारबतीच्या मिरवणुकीत काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे ते मोठे पुतळे, समोरासमोर आले, की शेकडो मोबाइल एकदम वर होतात. फोटोंना तोटा नाहीच, तोटा आहे तो फोटोखालच्या ओळींचा. चेहरा कोणाचा, चौक कोणता, तारीख काय, हे लिहिलेलं नसेल तर दहा वर्षांनी त्याचा पुरावा म्हणून काय उपयोग? प्रशिक्षणाची सुरुवात इथूनच व्हावी.

दुसरी गोष्ट, दुःखाचा फोटो कसा काढावा हेही शिकवा. भोपाळच्या वायुकांडातल्या चिमुकल्याच्या दफनाचा पाब्लो बार्थोलोम्यू यांचा फोटो १९८४ चा 'वर्ल्ड प्रेस फोटो ऑफ द इयर' ठरला. तो आजही पोटात कालवतो, पण त्यात त्या बाळाची विटंबना नाही. 'वर्ल्ड प्रेस फोटो' या जागतिक स्पर्धेत अंतिम फेरीत कॅमेऱ्यातली मूळ फाइल मागतात. आपल्याकडेही तसंच करा.

प्रदर्शन मात्र बंद दालनात नको, सीताबर्डी मेट्रो स्थानकात लावा. सप्टेंबर २०२३ च्या पुराचे फोटो तिथे लागले, तर ज्यांच्या घरात पाणी शिरलं तेही थांबून बघतील. आणि हो, प्रवेश शुल्क ठेवू नका. फोटोमागे मानधन घेणाऱ्या पोरांना ते जड जातं. फोटोचे हक्कही त्यांच्याकडेच राहू द्या.